पास्कूच्या मेयोनीजची जुळणी

तेल आणि व्हिनेगर एका भांड्यात कितीही वेळ बसवून ठेवा, एकमेकांशी बोलत नाहीत.

निर्मळच्या जत्रेत एक खेळणं मिळतं. प्लास्टिकची कोंबडी, पाठ दाबली की मागून पांढरा गोळा पडतो. मुलं हसत नाहीत. “काका, हिला काय झालंय?” असं विचारतात.

ओळख पटायला माणसाला सेकंदाचा तिसरा हिस्सा पुरतो. नाव आठवायला कधी कधी अख्खी दुपार.

कडवे वाल भिजवले, मोड आणले, सोलले. हात धुतले. वास राहिलाच.

नंदाखालच्या दफनभूमीत एका दगडावर नावाखाली धंदाही कोरलेला आहे: कॅटरर. घरच्यांनी तसं सांगितलं नव्हतं. दगड कोरणाऱ्यानं स्वतःच्या लग्नातलं जेवण आठवून आपल्या मनानं कोरलं.

तांबड्या उजेडात सगळं अन्न एकाच जातीचं दिसतं.

“नाही,” मार्शेलिन म्हणाली.

*

वालीवच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, ती तांबड्या दिव्याची खोली होती. डोक्यावर तारांची टोपी, नाकपुडीशी बारीक नळी, अशा थाटात मार्शेलिन रुमाव टेबलाशी बसलेली. समोरच्या भिंतीत एक लहानशी खिडकी. तिथून कागदी कप सरकत येत. कपावर नाव नसे, नुसता आकडा. दिवा तांबडा अशासाठी, की रंग बघून मन आधीच कौल देऊन मोकळं होऊ नये. कपात मेयोनीज. वालापासून केलेलं.

“ताई, जरा जिभेवर फिरवून तर पाहा,” खिडकीपलीकडून डॉक्टर सुबोध बोरकुट्यांचा आवाज आला. “तुम्ही तर कप तोंडाशी नेता नेताच नापास करून राहिल्या.”

“फिरवलं. नाही.”

“काय कमी आहे?”

“कमी नाही हो, जास्त आहे. मागून शेंग येते.”

“आज पुन्हा शेंग आली,” बोरकुटे कुणाला तरी म्हणाले. मग तिला, “मी वर्ध्याचा माणूस, ताई. आमच्याकडे वालाच्या शेंगा म्हणजे आवडीची भाजी. मला तर त्यात वाईट काही लागतच नाही.”

“मग तुम्हीच घाला टोपी.”

“मी घालून काय उपयोग? मी त्या काळात वसतिगृहात होतो. मेयोनीज म्हणजे सँडविचच्या कडेनं पुसलेलं काहीतरी, एवढंच मला माहीत.”

तो काळ म्हणजे कोंबड्या होत्या तो काळ. कोंबड्यांचा ताप आला त्याला पंधराएक वर्षं होऊन गेली होती. आधी कोंबड्या मेल्या, मग ताप माणसांत उतरला, मग देशातलं प्रत्येक खुराडं रिकामं करण्याचा हुकूम निघाला. आता अंडं बनायचं ते फक्त लशीसाठी, बंदोबस्तातल्या इमारतींत, आणि ते बघायलाही कुणाला मिळत नसे. लोकांनी जुळवून घेतलं. ऑम्लेट मुगाचं झालं, केकमध्ये केळं आलं, आणि कुणी फार दिवस रडलं नाही. माणूस असाच आहे.

मार्शेलिनचा नवरा पास्कू त्याच वर्षी गेला, कोंबड्यांच्या आधी थोडे महिने. काविळीचं निमित्त झालं. नंदाखालपासून पापडीपर्यंत कुठल्याही लग्नात बटाट्याचं सॅलड असेल तर ते पास्कूचं. मोठ्या बादलीत तो स्वतः वाकून मेयोनीज फेटायचा आणि ती शेजारी उभी राहून तेलाची धार धरायची. तो गेला तेव्हा तिला वाटलं, माणूस गेला, निदान कृती तरी घरात आहे. मग अंडीच गेली. शेवटचं मेयोनीज शेवटचं होतं हे कळायच्या आधीच लोकांनी बोटं चाटून ताटल्या ठेवून दिल्या होत्या.

*

मेयोनीज म्हणजे काय, तर बारीक चिरलेलं तेल. तेलाचा प्रत्येक थेंब इतका लहान करायचा की तो तरंगायचं विसरेल, आणि प्रत्येकाला एक पातळ कातडी घालायची, म्हणजे तो शेजारच्या थेंबात मिसळणार नाही. अंड्याच्या बलकात ही कातडी तयारच असते. वालातली प्रथिनं तेच काम करतात, थोडी गरम करून, थोडी आंबवून घेतली तर बलकापेक्षा बरं करतात. घट्टपणा, चकाकी, चमच्यावरून सावकाश घसरणं, हे सगळं कंपनीला पहिल्याच वर्षी साधलं होतं.

रूप जमलं. स्वभाव जमेना.

चव काही एका वस्तूची नसते. शेकडो वास आणि चवींची ती गर्दी असते, आणि त्या गर्दीतला कोण महत्त्वाचा हे कुणालाच ठाऊक नसतं, खाणाऱ्यालाही नाही. म्हणून जुळारी. ते यंत्र चव मोजत नसे, ओळख मोजत असे. ओळखीचं काही जिभेवर आलं की मेंदूत विजेची एक उसळी येते, विचार सुरू व्हायच्या आत, ‘हे तर...’ असं मनात यायच्याही आत. कुठल्या कपाला उसळी किती, ते जुळारी टिपून घेई. मग मागच्या खोलीतल्या काचेच्या भांड्यांत वाढणाऱ्या यीस्टला त्याप्रमाणे हुकूम जात: हा वास जास्त बनवा, तो कमी. दुसऱ्या दिवशीचे कप आदल्या दिवसापेक्षा ओळखीच्या थोडे जवळ.

त्यासाठी खरं मेयोनीज पोटभर खाल्लेली माणसं हवी होती. मुलाखतीत विचारलं, “तुम्ही चाखलंय?”

“चाखलंय? अहो, मी बादल्या भरल्यात,” मार्शेलिन म्हणाली होती.

रोज ती दोन रिक्षा बदलून यायची त्याचं कारण तिनं कुणालाही सांगितलं नाही. एखाद्या कपात पास्कू असेल, हे ते कारण.

*

“मम्मी, मेन्यूत मी सॅलड टाकलंय,” ऑड्री म्हणाली.

ऑड्री तिची एकुलती मुलगी. ईस्टरनंतरच्या दुसऱ्या रविवारी तिचं लग्न ठरलेलं, गासच्या जोविनशी.

“कसलं सॅलड?”

“पप्पांचं.”

“आणि कशात कालवणार? मुगाच्या पिठल्यात?”

“तुझ्या डॉक्टरांना सांग ना लवकर जुळवा म्हणून. रोज जातेस आणि सगळ्यांना नाही म्हणून येतेस. मुलगी बघायला गेलेल्या सासूसारखं चाललंय तुझं. हा कप काळा, तो कप बुटका.”

मार्शेलिनला हसू आलं. ऑड्रीला मात्र आलं नाही. ती टेबलावरचा कचरा बोटानं गोळा करत बसली.

“मला आठवतच नाही गं ते,” ती म्हणाली. “पप्पा बादलीवर वाकलेले आठवतात. त्यांच्या मानेवरचा घाम आठवतो. चव नाही आठवत. आठ वर्षांची होते मी, सॅलडमधला वाटाणा तेवढा वेचून खायचे.” मग हळूच, “तुला येते ना? मला माहीत आहे. तू कधी कधी गप्प बसून गिळतेस, तोंडात काही नसताना.”

आपलं हे कुणाला दिसत असेल असं मार्शेलिनला कधी वाटलंच नव्हतं.

“ते मला पण पाहिजे,” ऑड्री म्हणाली. “एकदाच. लग्नात.”

*

कप ४१७. नाही. शेंग.

कप ९०३. नाही. शेंग गेली, दवाखाना आला.

कप २६८. नाही. हे हॉटेलातलं. तुमच्या सँडविचच्या कडेचं असेल, डॉक्टर.

कप ३१९. नाही. गोड कशाला केलंत?

कप ५५१. नाही. (हे ती उशिरा म्हणाली.)

कप ७३०.

“ताई?”

“थांबा.”

“थांबलो.”

“नाही. पण भाऊ शोभेल.”

“कुणाचा?”

“पास्कूच्या मेयोनीजचा. तोंडवळा तोच. आवाज वेगळा.”

खिडकीपलीकडे बोरकुट्यांनी टेबलावर थाप मारली. “भाऊ सापडला म्हणजे घर सापडलं, ताई! आता अंगणात बसून राहायचं फक्त.”

*

रविवारी चर्चमधल्या मिस्सेवरून आल्यावर ती बटाटे सोलत होती. हात कामात, घरात कुणी नाही, मन मोकळं. अशा वेळी ती नेहमी करायची तेच तिनं केलं. डोळे मिटले नाहीत, नुसती जीभ टाळूला टेकवली, आणि पास्कूचं मेयोनीज बोलावलं.

आधी यायचं ते व्हिनेगर. पास्कूच्या चुलत्याच्या ताडांची ताडी, तिचं घरी आंबवलेलं व्हिनेगर. ते जबड्याच्या मागे, कानाच्या खाली झोंबायचं. मग बलकाचा जडपणा, मग तेल, मग मिरी.

आज काही झोंबलं नाही. गुळगुळीत काहीतरी आलं आणि पसरलं. तिनं ते ओळखलं. सातशे तीस.

तिनं बटाटा खाली ठेवला. पुन्हा बोलावलं. पुन्हा तोच भाऊ आला आणि थोरल्याच्या खुर्चीत बसला. कपाटातून तिनं व्हिनेगरची बाटली काढली, त्याच ताडांची, चुलत्याचा मुलगा अजून पाठवत असे. घोट घेतला. कानाखाली झणझणलं, डोळ्यांत पाणी आलं. बाटलीतलं झोंबलं. आठवणीतलं झोंबेना.

सोमवारी तिनं टोपी घातली नाही. सरळ खिडकीपलीकडच्या खोलीत गेली. बोरकुटे डबा खात होते.

“तुमचं यंत्र माझ्यातून काय काढून नेतंय?”

“नेत नाही काही, ताई. वाचतं फक्त.”

“मग माझं व्हिनेगर कुठं गेलं?”

बोरकुट्यांनी घास डब्यात परत ठेवला. झाकण लावलं.

“बसा,” ते म्हणाले. “तूप असते नं घरात? थिजलेलं. त्याला काही होत नाही, वर्षभर ठेवा. पण पातळ केलं, आणि शेजारी लसूण असला, की वास धरते. पुन्हा थिजते ते लसणासकट. आठवण तशीच असते. कपाटातला फोटो नाही ती. आठवलं की पातळ होते, थोड्या वेळानं पुन्हा थिजते, आणि मधल्या वेळात जे जवळ असेल ते तिच्यात जाऊन बसते. आम्ही तुम्हाला रोज आठवायला लावून राहिलो. आणि आठवताना तोंडात काय, तर आमचा कप.”

“हे तुम्हाला ठाऊक होतं?”

“पुस्तकातलं ठाऊक होतं. तुमच्यात होऊन राहिलं, ते महिन्याभरापूर्वी दिसलं.”

“आणि बोलला नाहीत.”

“रेषा वर जाऊन राहिली होती, ताई.” ते तिच्याकडे न बघता म्हणाले. “एवढी वर कुणाचीच गेली नव्हती.”

त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. दोन रेषा होत्या. एक यंत्राची, एक तिची. दोन्ही एकमेकींकडे झुकत चालल्या होत्या.

“यातलं कोण किती सरकलं?” तिनं विचारलं. “तुमचं मेयोनीज माझ्याकडे आलं, की मी त्याच्याकडे गेले?”

“ते याला सांगता येत नाही. दोन माणसं रस्त्यात भेटली, एवढं दिसते. कोण किती चाललं, ते नाही दिसत.”

मार्शेलिनला तेव्हा कळलं की इतके महिने आपण त्या खोलीत काय करत होतो. प्रत्येक ‘नाही’ म्हणजे पास्कू अजून निराळा आहे, अजून त्याच्या जागी आहे, याची खूण होती. तिच्याजवळ नवऱ्याचं आता तेवढंच उरलं होतं. एक ‘नाही’. आणि ते रोज बारीक होत चाललं होतं.

“आमचा उपवासकाळ सुरू होतोय बुधवारपासून,” ती उठत म्हणाली. “ईस्टरपर्यंत आम्ही काहीतरी सोडतो. कुणी मटण, कुणी दारू. आमचा जावई मोबाईलवरचा खेळ सोडणार आहे, बघू. मी हे सोडते. कप पण, आणि आठवणं पण. झाकून ठेवते. पातळच झालं नाही तर वास कशाचा धरेल?”

बोरकुट्यांनी विचार केला. “शास्त्राच्या दृष्टीनं तुमचं बरोबर आहे,” ते म्हणाले.

*

आणि इथं दोघंही चुकले. बोरकुट्यांचं समजू शकतो, त्यांनी उपवासकाळ कधी पाळला नव्हता. मार्शेलिननं जन्मभर पाळला होता. लहानपणी तिनं चहा सोडला होता, तेव्हा उपवासकाळाच्या पहिल्याच दिवशी, राखेच्या बुधवारी, सकाळपासून जगात चहाशिवाय काही उरलंच नव्हतं. सोडलेली वस्तू घराबाहेर जात नाही, डोक्यावर येऊन बसते. वसईतल्या कुठल्याही पोराला विचारा. पण माणसानं एकदा देवासमोर ठरवलं की त्याला आपल्याच अनुभवाचा विसर पडतो.

आठवायचं नाही, असं ती सकाळी उठून म्हणे. काय आठवायचं नाही? ते. झालं, आलंच. भांडी घासताना आठवायचं नाही. आलं. देवळाच्या पायरीवर आठवायचं नाही. आलं. आधी ती आठवड्यातून एकदा कधीतरी गिळत असे, आता दिवसातून दहादा, आणि दर वेळी दचकून झाकण लावत असे, थिजायच्या आत.

घरात मटण नाही, मासे रविवारी. जोविनच्या आईनं लग्नाच्या गडबडीतही आपल्या वाडीतले वाल पोतंभर पाठवून दिले होते. तेव्हा सोमवारी बिरडं, बुधवारी वालाची आमटी, शुक्रवारी पुन्हा बिरडं.

“मम्मी, आपण चालायला लागलो की खुळखुळा वाजेल,” ऑड्री म्हणाली.

“गप जेव. उपवास आहे.”

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी तिनं दिवसातलं एकच जेवण घेतलं आणि चर्चला गेली. येशूच्या दुःखसहनाची कथा वाचून दाखवत होते. पेत्रानं येशूची ओळख तिसऱ्यांदा नाकारली आणि कथेतला कोंबडा आरवायची वेळ झाली, तेव्हा वाद्यवृंदातल्या कुणीतरी मोबाईलवर कोंबड्याचं आरवणं लावलं. दर वर्षी लावतात. पुढच्या बाकावरची लहान मुलं फिसकन हसली. त्यांच्या दृष्टीनं तो एक गमतीदार आवाज होता. त्यांच्या आया त्यांना चिमटे काढत होत्या.

मार्शेलिनच्या तोंडात जेवणानंतरचा वालाचा कडवटपणा रेंगाळत होता. आरवणं ऐकलं आणि तिच्या मनात नसताना बादली आली, बादलीवर वाकलेला पास्कू आला, त्यानं बोट पुढे केलं, तिनं चाखलं. गोड कडू, हिरवट, जाडसर. किती बरं वाटलं. किती ओळखीचं.

मग तिच्या लक्षात आलं की शेंग आली नाही.

शेंग होती. पण ती ‘मागून’ आली नव्हती. पास्कूचीच होती, जणू पहिल्यापासून.

लोक गुडघे टेकत होते. ती उभीच राहिली.

*

ईस्टरनंतरच्या सोमवारी बोरकुट्यांनी तिला तांबड्या खोलीत नेलं नाही. आपल्या टेबलावरच, उघड्या उजेडात, दोन बरण्या ठेवल्या. एक मोठी, एक लहान.

“टोपी घाला एकदा. शेवटची,” ते म्हणाले.

मोठ्या बरणीतलं चमचाभर तिनं तोंडात घातलं. पडद्यावरची रेषा उठली, चढली, चौकटीच्या बाहेर गेली.

“हो,” मार्शेलिन म्हणाली.

या शब्दाची त्या इमारतीनं किती वाट पाहिली होती. पण बोरकुट्यांनी टेबलावर थाप मारली नाही. तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी पडदा बंद केला.

“उपवास केला, वाल खाल्ले, आणि आठवत राहिले,” ती म्हणाली. “तुमच्या यंत्राचं उरलेलं काम मी घरी बसून केलं, डॉक्टर. फुकटात.”

“हे लहान बघा,” ते म्हणाले. “तुम्ही नव्हत्या तेव्हा मी मागं गेलो. अगदी पहिल्या दिवसांच्या रेषा काढल्या. बारीक आहेत, तुटक आहेत, तेव्हा आमचे कप इतके वाईट होते की उसळी येतच नव्हती. पण तुमचं तूप तेव्हा थिजलेलं होतं. कशाला किती ‘नाही’ म्हणाल्या, त्यावरून अंदाज बांधला, की तुम्ही त्या दिवशी ‘हो’ कशाला म्हटलं असतं. चुकलाही असेल. पण प्रयत्न केला.”

तिनं चाखलं. झोंबलं, कानाखाली. बाकी सगळं अनोळखी. जड, थोडं उग्र, कडेला काहीतरी धातूसारखं. कुणीतरी परका घरात शिरून पास्कूचा शर्ट घालून उभा असावा तसं.

“मी नाही ओळखत याला,” ती म्हणाली.

“ते तर होणारच होतं.”

“खरं कुठलं?”

“मला दुसरी जीभ असती तर सांगितलं असतं. तुमच्याकडे म्हातारी माणसं आहेत नं, त्याच्या हातचं खाल्लेली? आणा दोघंचौघं. दोन्ही चाखायला देऊ.”

“दोन्ही नाही,” ती एकदम म्हणाली. “पहिलं चाखलं की त्यांचं पातळ होणार, आणि दुसरं त्यात जाणार. माझं झालं तेवढं पुरे. ज्याला द्यायचं त्याला एकच.”

“मग एक निवडा. कंपनी मोठं घेणार, यंत्र त्याला ‘हो’ म्हणालंय. लहान माझं खासगी आहे. एका लग्नापुरतं करून देईन, फार तर.”

मार्शेलिन दोन्ही बरण्यांकडे बघत बसली. मोठ्या बरणीत तिचा पास्कू होता, बोट पुढे करणारा, आत्ता बोलावला तर आत्ता येणारा. ऑड्रीला ती म्हणू शकली असती, घे, हाच. मनापासून म्हणू शकली असती. लहान बरणीत कोण होतं देव जाणे. कदाचित कुणीच नाही, एका वर्धेकराचा चुकलेला हिशोब. तसं असलं तर मांडवात सगळ्यांसमोर सॅलड वाईट लागलं असतं, आणि पास्कूचं नाव लावून.

“मी ज्याला ओळखते, त्यात आता मीच जास्त आहे,” ती म्हणाली. “मी, माझा उपवास, विहिणीचे वाल, तुमची भांडी. तो त्यात कुठं बसणार?”

तिनं लहान बरणी पिशवीत घातली.

*

मांडवामागच्या स्वयंपाकघरात सांतानकाका बटाटे चिरत होता. हा पास्कूचा जुना मदतनीस, आता सत्तरीच्या पुढचा, बोलावलं नव्हतं तरी सुरी घेऊन आलेला.

“वालाचं आहे म्हणे,” तो म्हणाला. “आमच्या नशिबात शेवटी सगळं वालाचंच. मेल्यावर पेटीपण वालाची करतील.”

“बोलू नकोस, काका. चाख.”

मोठ्या स्वयंपाकात चमचा कुणी वापरत नाही, मुठीच्या पाठीवर ठिपका ठेवतात. तिनं त्याच्या मुठीवर सॅलडात कालवायचं मेयोनीज ठेवलं. त्यानं चाटलं. सुरी पुन्हा बटाट्यावर नेली, एक काप काढला, आणि मान वळवून, पूर्वी बादली असायची त्या कोपऱ्याकडे बघून, वैतागलेल्या आवाजात ओरडला,

“पास्कू! अरे मीठ!”

मग तो थांबला. सुरी हातात तशीच.

“नेहमी कमीच टाकतो,” तो मार्शेलिनला म्हणाला, तक्रार करावी तसा. आणि मग पाठ करून बटाट्यांकडे वळला.

तिनं मीठ टाकलं नाही.

बाहेर ताटल्या फिरल्या. गप्पा चालू होत्या, बँड चालू होता, आणि एकेका टेबलावर आवाज खाली बसत गेला. तरुण मुलं खातच होती, त्यांना काही कळलं नव्हतं. म्हातारी माणसं चमचा तोंडात धरून समोर बघत होती. तुस्कानोंची मावशी शेजारणीला म्हणाली, “माझ्या लग्नात मी एवढं खाल्लं होतं की झगा सैल करावा लागला,” आणि रुमाल शोधू लागली.

ऑड्रीनं एक घास घेतला. मग दुसरा. तिनं वर बघितलं. डोक्यावरची जाळी डोळ्यांवर आली होती, ती तिनं मनगटानं मागं सारली.

“मम्मी, हेच ना?”

मार्शेलिननं त्याच ताटलीतला घास घेतला होता. जिभेवर फिरवला होता. सेकंदाचा तिसरा हिस्सा केव्हाच होऊन गेला होता.

“हो,” ती म्हणाली.

ऑड्रीनं डोळे मिटले. “शर्टाला यायचा हा वास,” ती म्हणाली. “मला कडेवर घ्यायचे तेव्हा. इथं, खांद्यापाशी.” आणि तिनं हवेत, नसलेल्या खांद्यावर, गाल टेकवला.

मार्शेलिन ताटल्या उचलून वाढायला निघाली. संबंध मांडवात पास्कू कुणाकुणाकडे जाऊन आला होता. कुणी त्याच्याशी बोललं, कुणी रडलं, कुणी त्याला मीठ कमी म्हणून झापलं. तिच्यापाशी तो आला नाही. कुणी “आणखी?” म्हटलं की ती वाकून वाढत होती, नीट, प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत, पाहुणा कसा दिसतो ते लोकांच्या चेहऱ्यांवरून समजून घ्यावं तसं. सॅलडचं पातेलं रिकामं झाल्यावर तिनं आतून बोट फिरवलं आणि तेवढं स्वतःसाठी घेतलं. परकं होतं. तिनं ते सावकाश खाल्लं.

लग्नानंतर पहिल्याच महिन्यात पास्कूनं घरी मेयोनीज करून बघितलं होतं, ते फाटलं, तेल एकीकडे, व्हिनेगर एकीकडे, आणि दोघांनी ते पावाला लावून ओट्याशी उभ्याउभ्याच संपवलं.